एरर बावीस आणि एकसष्टावं पान

१६ ऑक्टोबर २००८, गुरुवार

"तुझं लिहिलेलं तू हातात दिल्याबिगर मी वाचणार न्हाई."

रविंद्रचं वाक्य. सत्त्याऐंशी साल, सिद्धेश्वर धरणाची भिंत, लग्नाला पंधरा दिवस झालेले. मी वही पिशवीत खाली खाली दाबत होते, ते त्यानं पाहिलं. हसला नाही, विचारलं नाही. एवढंच म्हणाला आणि पाण्याकडं बघत शेंगा सोलत राहिला. सोललेले दाणे माझ्या तळहातावर ठेवत राहिला.

आज ते वाक्य आठवलं, कारण लॅपटॉप उघडत नाही.

काल संध्याकाळी औंढ्याहून आले. तीन दिवस शिक्षकांचं प्रशिक्षण, पाय सुजून आलेले. आज शाळेतून येऊन चहा ठेवला आणि लॅपटॉप चालू केला. एरवी काळ्या पडद्यावर मशीन चालवायच्या दोन तऱ्हांची नावं येतात, वर लिनक्स, खाली विंडोज. बाणानं खालीवर करून निवडायचं. वरचं माझं, खालचं रविंद्रचं. आज नावंच नाहीत! नुसती इंग्रजी ओळ — ग्रब लोडिंग, प्लीज वेट. थांबले. मग खाली आलं — एरर २२.

बंद केला, चालू केला. सात वेळा. सातही वेळा बावीस.

चहा उतू गेला.

आत माझी एकसष्ट पानं आहेत. दुसरी प्रत नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

शाळेत मुलींना भागाकार दिला आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. मनात एकच — प्रत का नाही केली, बाई? गेल्या वर्षी पेन ड्राइव्हवर ठेवलं होतं, नेट कॅफेत लावला तर व्हायरसनं तीन गोष्टी खाल्ल्या. मी असे रडले की कोमल म्हणाली, "आई, थांब. तुझं घरच वेगळं बांधून देते."

आणि मे महिन्याच्या सुट्टीत तिनं बांधलं. नांदेडला कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला जाणारं माझं लेकरू! जमिनीवर मांडी घालून, केसांत पेन्सिल खोचून, आठ तास. एकाच डिस्कचे तुकडे. सी बाबांचं विंडोज, डी बाबांचे फोटो आणि पाटबंधारे ऑफिसचे नकाशे, आणि तिसरा तुकडा माझा, वीस जीबी. तिथं लिनक्स. "इथं व्हायरस येत न्हाई आणि बाबाबी येत न्हाईत," म्हणाली. विंडोजमधून माझा तुकडा दिसतच नाही म्हणे. असतो, पण नाव-गाव नसल्यासारखा. माझ्या बाजूनं मात्र दोघांचं दिसतं. तेव्हा मला ते फार आवडलं होतं.

शिवाय तिनं एक वही दिली. दोनशे पानी, वर लेबल : आईसाठी. प्रत्येक पायरी मराठीत. "काळी पाटी येईल. घाबरू नको. नाव निवडायला दहा सेकंद मिळतात." अशी.

वहीत एरर २२ शोधला. सापडला नाही. नांदेडला फोन लावला.

"कोमल, अगं एरर बावीस येऊन राहिलाय."

मागं पोरींचा गलका ऐकू येत होता.

"ऐकायला येतंय का?"

"येतंय."

"काय करू?"

"फॉरमॅट मार. डिस्क कोरी होईल. सगळे तेच करतात."

"अगं, माझं लिखाण आहे त्यात."

"मग मी काय करू? माझं प्रॅक्टिकल आहे. ठेवते."

ठेवलाच. जी पोरगी फॉरमॅट सांगणाऱ्यांना शिव्या घालते, ती आईला सांगते फॉरमॅट मार! अशोक विजयादशमीला घरी होती तेव्हा तर माझ्या कुशीत शिरून टीव्ही बघत होती. मी सोमवारी सकाळी सातच्या गाडीनं औंढ्याला निघाले, तिची नांदेडची गाडी नऊची. दारात हात हलवला होता. चार दिवसांत एवढी परकी?

लेकरं मोठी होतात. त्यांचं जग वेगळं. मी स्वतःला समजावलं. समजले नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

रविंद्रला सांगितलं. पेपर बाजूला न करता म्हणाला, "जाऊ दे. पुन्हा लिही."

पुन्हा लिही! कालव्याची चारी आहे का ती, गाळ साचला, पुन्हा खोद?

"तुमचं विंडोजपण उघडत नाही," मी म्हटलं.

"राहू दे. मला काय निकड न्हाई."

एरवी रोज संध्याकाळी त्याला पत्ते खेळायला विंडोज लागतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

सोमेश्वर येऊन गेला. रविंद्रचा मावसभाऊ, बसस्थानकामागं एमएस-सीआयटीचा क्लास चालवतो. रविंद्रनं नव्हे, मी बोलावला. रविंद्र म्हणत होता, "त्याला काहून तकलीफ देती?"

सोमेश्वरनं बाही वर केली. "वैनी, दोन मिनिटांचं काम हाय. फॉरमॅट मारू, नवं कोरं!"

"फॉरमॅट म्हणाल तर चहा मिळणार नाही."

"आता आली का पंचाईत! बरं, दुसरी दवा."

विंडोजची सीडी घातली, निळ्या पडद्यावर एक हुकूम टाइप केला. डिस्कच्या अगदी पहिल्या कोपऱ्यात म्हणे एक छोटी जागा असते. मशीन चालू झालं की आधी तिथलं वाचतं आणि पुढं कुठं जायचं ते ठरवतं. कोमलनं तिथं ग्रब बसवलं होतं, त्या दोन नावांच्या पाटीसाठी. सोमेश्वरनं ते काढून जुनं बसवलं. चालू केलं — विंडोज आलं! रविंद्रचा पडदा, त्यावर कोमलचा लहानपणीचा फोटो.

"माझं?"

त्यानं कुठंतरी आत जाऊन डिस्कचं चित्र उघडलं. एक आडवी पट्टी. सी निळा, डी निळा. आणि त्यापुढं काळा चौकोन, वीस जीबी. वर इंग्रजीत — अनअलोकेटेड. कुणाचंच नाही.

"वैनी, तुमचं पार्टिशन, म्हंजी तुमचा तुकडा, तर डिलीट झालेलं हाय."

"आपोआप?"

"आपोआप कसं व्हईल? इथं येऊन, राइट क्लिक करून, डिलीट म्हणावं लागतंय. ते पुन्हा इचारतंय, नक्की का? मंग व्हय म्हणावं लागतंय. ग्रबचं अर्धं सामान तुमच्याच पार्टिशनमधी व्हतं, म्हणून बावीस येत व्हतं. पार्टिशन सापडत न्हाई, एवढाच त्याचा अर्थ."

मी रविंद्रकडं पाहिलं. तो खिडकीतून शेजारच्या पद्माबाईंच्या शेवग्याकडं बघत होता.

"आता हा काळा निळा करून टाकतो," सोमेश्वर म्हणाला. "ई ड्राइव्ह. दादाला पिक्चर ठेवायला! एक क्लिक आन्..."

"सोम्या, हात लावू नको!"

रविंद्र ओरडला. माझ्या आधी! सोमेश्वरचा हात तसाच राहिला.

"राहू दे तसंच," तो हळू आवाजात म्हणाला. "चहा पी आन् जाय."

मला त्या क्षणी त्याच्याबद्दल एवढी माया दाटून आली! वाटलं, बोलत नाही, पण कळतं याला.

२० ऑक्टोबर, सोमवार

राइट क्लिक करावं लागतं. पुन्हा विचारतं. पुन्हा हो म्हणावं लागतं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

अर्धी रजा टाकली. लॅपटॉप शाळेच्या पिशवीत, वर तपासायच्या वह्या, म्हणजे कुणाला दिसू नये. स्टेशन रोडला प्रेमसिंगचं दुकान. पन्नाशी ओलांडलेला माणूस. माझ्या लग्नातला रेडिओ यानंच तीनदा दुरुस्त केलेला. आता कॉम्प्युटर बघतो, पण पाटीवर अजून रेडिओचंच चित्र आहे.

"आओ मॅडम. रेडिओ लाये क्या?"

"तो गेला हो. हे बघा."

त्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला. पट्टी पाहिली. आधी मलाच विचारलं, "इसके बाद कुछ डाला तो नहीं इसमें? नया ड्राइव्ह बनाया? फॉरमॅट?"

"नाही."

"तो फिर रोते काय को?"

मला कळलंही नव्हतं मी रडतेय.

मग त्यानं समजावलं. इतकं साधं कुणी सांगितलं नव्हतं. डिस्कच्या सुरुवातीला एक यादी असते, कोणता तुकडा कुठून कुठवर. डिलीट म्हणजे यादीतलं नाव खोडलं, एवढंच. सामान जागच्या जागी. त्यावर कुणी नवं काही लिहीपर्यंत ते तसंच राहतं. "सात-बारा से नाम गया, खेत कहां जाता है?" म्हणाला.

एक सीडी घातली, टेस्टडिस्क नावाची. ती अख्खी डिस्क टोकापासून टोकापर्यंत चाचपत जाते, कुठं जुनी हद्द दिसते का ते बघत. टक्के सरकू लागले. एक... दोन... मी समोरच्या स्टुलावर. त्याची बायको जिवनबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, माझ्या तोंडाकडं बघून शेजारी बसली.

एकाहत्तर टक्के — आणि लाइट गेली! बारा ते चार भारनियमन, मी विसरलेच होते. लॅपटॉपची बॅटरी म्हणजे वीस मिनिटांची पाहुणी.

"चिंता नै," प्रेमसिंग म्हणाला. टेबलाखालून ट्रॅक्टरची बॅटरी ओढली, वर एक ठोकळा जोडला, तो घूं करू लागला. "रेडिओवाल्याचं दुकान हे. हमारे यहां अंधेरे में भी गाना बजता था."

शंभर टक्के. पडद्यावर तीन ओळी. पहिली सी. दुसरी डी. तिसरी हिरवी — लिनक्स.

त्यानं आत जाऊन फाइलींची नावं दाखवली. माझी फाइल. "माझं." एवढंच नाव दिलं होतं मी तिला. तिथं होती! मी पडद्याला हात लावला. जिवनबाईंनी माझ्या पाठीला.

मग त्यानं यादीत नाव पुन्हा लिहिलं. राइट म्हणजे लिही, वाय म्हणजे हो, मग एंटर.

मी निघताना म्हणाला, "मॅडम, एक बात. जिसने भी निकाला, उसने फॉरमॅट नहीं मारा. मारता तो बहुत मुश्किल था. या तो अनाडी है, या तो दिल नहीं हुआ उसका."

अनाडीच. माझ्या घरात एमएस-सीआयटी दुसऱ्या खेपेला पास झालेला एकच माणूस आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पार्टिशन आलं, पण पाटी नाही. सोमेश्वरनं पहिल्या कोपऱ्यातलं ग्रब काढलं होतं ना. लॅपटॉप सरळ विंडोजमध्येच जातो.

प्रेमसिंगकडं पुन्हा गेले नाही. कोमलची वही उघडली. मागून तिसऱ्या पानावर — "बाबांनी कधी विंडोज नव्यानं टाकलं तर ग्रब जाईल. तेव्हा हे कर. तुला येईल." खाली पाच ओळी.

मे महिन्यात कोमलनं पोस्टानं मागवलेली लिनक्सची सीडी घातली. काळी खिडकी उघडली. एकेक अक्षर वहीवर बोट ठेवून. आधी ग्रबला विचारायचं, तुझं सामान कुठं आहे? उत्तर आलं — एचडी शून्य, दोन. म्हणजे पहिली डिस्क, तिसरा तुकडा, मोजणी शून्यापासून. वहीत कंस करून लिहिलंय, "शून्यापासून का ते विचारू नको." मग रूट, म्हणजे ते ठिकाण सांगायचं. मग सेटअप, म्हणजे पाटी पुन्हा बसवायची. एकदा कंस विसरले, एकदा मधली जागा. तिसऱ्यांदा पडद्यावर — सक्सीडेड.

सीडी काढली. चालू केला.

काळी पाटी. दोन नावं. वर माझं.

मी एकटीच घरात टाळ्या वाजवल्या! त्रेचाळीस वर्षांची बाई.

कोमलला फोन केला, सांगायला. उचलला नाही.

फाइल उघडली नाही अजून. उघडवत नाही. जिला कुणीतरी उघडून बघितलं असेल अशी वस्तू पुन्हा हातात घ्यायला मन होत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

वहीत एक ओळ आहे, मे महिन्यात हसले होते तिच्यावर. "आत कोण कधी आलं ते बघायचं असेल तर टाइप कर : last."

आज टाइप केलं.

१२ ऑक्टोबर, रविवार — ती मी. अर्धा तास.
१३ ऑक्टोबर, सोमवार — सकाळी ९:५२ ते दुपारी १:४०.

सोमवारी ९:५२ ला मी औंढ्यात होते. हजेरीपटावर सही आहे माझी.

पासवर्ड माझ्या आईचं नाव. घरात तिघांना ठाऊक. कोमलची गाडी नऊची, रविंद्रनंच तिला स्कूटरवरून स्टँडला सोडायचं ठरलं होतं. रविंद्र त्या दिवशी म्हणे सिद्धेश्वरला साइटवर होता. बुधवारी मी आल्या आल्या, मी न विचारता सांगितलं होतं त्यानं. न विचारता!

कपडे वाळत घालताना पद्माबाईंना सहज विचारलं. "सोमवारी आमच्याकडं कुणी आलं होतं का हो?"

"कोन येतंय? भाऊच व्हते की. तीनाला म्या दळण घिऊन आले तवा स्कूटर दारात. दार लावलेलं. म्हनलं ताप-बीप आला का काय."

मी उरलेले कपडे तसेच ठेवून आत आले.

पावणेचार तास. एकसष्ट पानं वाचायला पावणेचार तास पुरतात. थांबून थांबून वाचली तरी.

आणि मग उठून दुसऱ्या बाजूला जाऊन, राइट क्लिक, डिलीट. नक्की का? व्हय.

एकवीस वर्षं! एकवीस वर्षं मी त्याच्या देखत वह्या उशाशी ठेवून झोपले. कधी कुलूप लावलं नाही. मैत्रिणींना सांगायची, नवरे पाकीट तपासतात, पत्रं फोडतात, माझा नाही. मला वाटायचं माझं सगळं लिखाण त्या एका वाक्यावर उभं आहे. आणि त्यानं मी गावाला गेलेली बघून...

काय वाचलं असेल, ते मला माहीत आहे. शेवटचं पान.

इथं तरी सरळ लिहिते. अठ्ठ्याऐंशी साल. बी.एड.ला नंबर लागला होता. आणि त्याच महिन्यात कळलं, दिवस गेलेत. रविंद्रला सांगितलंच नव्हतं अजून. हिंगोलीत सगळे ओळखीचे, म्हणून एकटी परभणीला गेले, पोट पाडायला. दवाखान्याच्या बाकावर दोन तास. हातात चिठ्ठी. मग कुणीतरी दारावर पाटी लावली : डॉक्टर आज रजेवर आहेत. मी परत आले.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कागदाला वीस वर्षांनी सांगितलं. त्या वाक्यावरच दोन महिन्यांपासून अडकलेय, पुढं सरकत नाही.

आणि ते रविंद्रनं चोरून वाचलं. माझ्याकडून ऐकायचं होतं ते!

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

विचारलं.

शाळेला आजपासून सुट्टी. तो जेवायला आला होता. ताट वाढलं आणि उभीच राहिले. कागदावर मी त्याला अरे-तुरे करते, तोंडावर अजून अहो.

"तुम्ही सोमवारी साइटवर नव्हता."

भाकरी मोडायचा थांबला.

"घरी होता. लॅपटॉप उघडला होता."

त्यानं तुकडा ताटात ठेवला.

"माझं वाचलंत?"

 तो डाळीकडं बघत राहिला.

"पुसलंतही तुम्हीच?"

 त्यानं पाण्याचा तांब्या उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग —

"व्हय."

"का?"

"झालं माझ्याकडून. सोड."

"एकसष्टावं पान वाचून?"

"पानाबिनाचं मला इचारू नको, संध्या."

"मला हातात देऊन वाचा म्हणायला पंधरा दिवस लागले असते फक्त. देणारच होते मी..."

"संध्या, वरडायचं तेवढं मला वरड. पण कोमलला यातलं काही बोलू नको. फोनवरबी न्हाई. एवढं ऐक माझं."

म्हणजे लेकीपुढं मान खाली नको! स्वतःची अब्रू तेवढी आठवली.

मी म्हटलं, "तुमचं ते धरणावरचं वाक्य आठवतं का?"

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. डोळे भरलेले. "आठवतंय," म्हणाला. आणि ताटावरून उठला.

रडायचा हक्क त्याला कुणी दिला?

२५ ऑक्टोबर, शनिवार

पासवर्ड बदलला. आता तो कुणाचंच नाव नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

बोलत नाही आम्ही. तो स्वतःचा चहा स्वतः करतो, माझाही करतो, झाकून ठेवतो. मी बेसिनमध्ये ओतते.

मारलं असतं तर सांगता आलं असतं कुणाला. "नवऱ्यानं वाचलं" हे कुणाला सांगू? पद्माबाई म्हणतील, "मंग? नवराच हाय की."

२८ ऑक्टोबर, मंगळवार

कोमल सुट्टीला येत नाही. सबमिशन आहे म्हणे. मला नाही, बाबांना सांगितलं तिनं. तो गॅलरीत जाऊन बोलत होता, दार ओढून. आता बाप-लेकीचीही माझ्यामागं कुजबुज. आधी एकानं घात केला, आता दुसरी त्याच्या बाजूला. काय सांगितलं असेल त्यानं तिला? तुझी आई तुला नको म्हणत होती, हे?

तसं सांगितलं असेल तर मी त्याला या जन्मी माफ करणार नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

ठरवलं. हे लिखाण छापायला देणार. नाव बदलून नाही, माझ्याच नावानं. ज्याला पुसायचं होतं त्याला पुस्तक म्हणून दिसू दे. आणि जानेवारीपासून शाळेजवळ एक खोली बघते. एकटीची. तिथं एकाच डिस्कचे तुकडे नसतील.

शनिवारी फाइल उघडून सगळं तपासते, मग छापून काढते.

१ नोव्हेंबर, शनिवार

फाइल उघडली. सरळ शेवटच्या पानावर गेले. "पाटी होती : डॉक्टर आज रजेवर आहेत. मी परत आले." त्याच्याखाली एक ओळ सोडून एक वाक्य. माझं नाही.

आई, डॉक्टर रजेवर नसते तर?

किती वेळ बघत होते कोण जाणे. उठले. रविंद्र गॅलरीत कुंडीला पाणी घालत होता. विचारलं, "कोमल सोमवारी किती वाजता गेली?"

तांब्या खाली ठेवला. "साडेपाचच्या गाडीनं. नऊची सोडली तिनं, दुपारनं जाते म्हणली. दुपारी हापिसात फोन आला तिचा, बोलताच येईना. म्या घरी आलो तवा तिचं सगळं पुसून झालेलं. शपथ घातली मला, आईला सांगू नका." मग म्हणाला, "म्या न्हाई वाचलं, संध्या. तू दिलं न्हाईस अजून."

मी त्याच्या पायाशी, ओल्या फरशीवर बसले.

कोमल. खरंच पुसायचं असतं तर तुला येत होतं. तू फॉरमॅट मारला नाहीस. वहीत वाट लिहून ठेवली होतीस, तीही फाडली नाहीस.

बाळ, डॉक्टर दुसऱ्या दिवशी कामावर हजर होते. तिसऱ्याही. मी गेले नाही. ते बासष्टावं पान. मी ते जगत राहिले, लिहिलंच नाही. तुला काय माहीत!

आता फोन लावणार आहे. तू उचलणार नाहीस. उचललास तर न्हाई म्हणशील. म्हण. तरी मागते — उद्या रविवार आहे, नऊच्या गाडीनं ये. मी लिहिते, तू शेजारी बस. मी हातात देईपर्यंत थांबू नको, लिहिता लिहिता वाच.